रेस सोडल्यावरही

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. हाताने ओढायची नव्हे. पेट्रोल पिऊन धूर सोडणारी, पट्टीवरून दातेरी चेन पळवणारी. कामावरची माणसे मला नुसते 'मशीन' म्हणतात. झाडे किती पाडली त्याची मोजदाद मी ठेवली नाही. माणूस मात्र एकच कापला, आणि तो माझा मालक होता. ही गोष्ट लोक तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून म्हटले आपणच सांगून टाकावी.

माझा जन्म मारहाणीतच झाला. वितळलेला धातू साच्यात दाबून भरला, पुरता निवण्याआधी बाहेर खेचला, ठोकला, तासला, त्याला भोके पाडली. सगळे अवयव आवळून झाल्यावर कारखान्यातल्या एका बाईने मला बाकाला जखडले आणि चालू करायची दोरी ओढली. मी अशी किंचाळले की शेजारचा माणूस दोन पावले मागे सरला. बाई हलली नाही. माझ्या कार्बुरेटरला बारीक स्क्रू आहेत. हवेत पेट्रोल किती मिसळायचे ते त्यांच्यावर ठरते. पेट्रोल कमी पडले की मी चढ्या आवाजात बेभान पळते आणि आतून भाजून निघते. पुरेसे मिळाले की मोकळ्या हवेत जरा अडखळत, गुरगुरत चालते, आणि लाकडात शिरले की आवाज स्वच्छ होतो. बाईने स्क्रू इतका उघडला की माझ्या किंकाळीत ती गुरगुर आली. मला तिचा भयंकर राग आला. मला पळायचे होते.

मला घेतले वस्तादांनी. झाडे तोडणे हा त्यांचा धंदा. वादळ होऊन गेले की रस्त्यावर, छपरांवर, विजेच्या तारांवर आडवी झालेली झाडे काढायला त्यांना बोलावणे येई. घरामागे त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे एक लाकडी बाक, खिळ्यांना टांगलेल्या गोल कानशी, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे डबे आणि जमिनीवर भुशाचा कायमचा थर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका उन्मळून पडलेल्या खोडावर टेकवले. खरे सांगते, मला ते फार आवडले. साल फाटली, ओला भुसा त्यांच्या बुटांवर सांडत राहिला, आणि ज्या खोडाला वाढायला साठ वर्षे लागली होती त्याचे मी चहा निवायच्या आत दोन तुकडे केले. दया वगैरे मला आली नाही.

वस्ताद माझ्याच स्वभावाचे होते. एकदा खोडाखाली दबून ताणलेली फांदी त्यांनी चुकीच्या बाजूने कापली. ती सुटली आणि त्यांच्या थोबाडावर बसली. दोन दात मातीत पडले. वस्ताद रक्त थुंकले, दात बुटाने बाजूला सारले आणि म्हणाले, "चावायचं थोडंच होतं मला हिला." मग उरलेली फांदी कापूनच घरी गेले.

त्यांचा एकच हट्ट होता. कानांवर ते काही घालत नसत. "मशीन कानानं लावतात," ते म्हणत. "कान झाकले तर ती काय बोलतेय ते कळायचं कसं?" आणि त्या वेळी त्यात खोटे काही नव्हते. आसपासचे सगळे तोडणारे आपापल्या मशीन घेऊन त्यांच्याकडे येत. वस्ताद डोळे मिटत, रेस देत, स्क्रू केसभर फिरवत आणि "ने" म्हणत. मशीन पुन्हा वर्षभर कुरकुरत नसे. अशी बावीस वर्षे त्यांनी आपले उघडे कान आमच्यासारख्यांच्या तोंडाशी धरले. आम्हीच ते कान खाल्ले, पण इतके हळू की खाल्ल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्यांची थोरली मुलगी त्यांच्याबरोबर काम करी. पंचविशीतली, अंगाने सडपातळ, हाताने दणकट. आधी दोर धरायला शिकली, मग झाडावर चढायला, मग मला चालवायला. ती डोक्याला हेल्मेट घाली, कानांवर आवाज अडवणारे मफ लावी आणि मांड्यांवर जाड धाग्यांची पँट चढवी. चेन लागलीच तर ते धागे तिच्यात गुंतून ती बंद पडावी म्हणून. वस्ताद हसत. "लढाईला निघाल्या बाईसाहेब." पण मशीन ऐकायला तिला त्यांनीच शिकवले होते. एका कानावरचा मफ सरकवून ते तिला म्हणाले होते, "ही गुरगुर ऐकलीस? ही आहे तोवर मशीन धड. ही गेली की समज, ती स्वतःलाच खातेय." ते तिने पक्के डोक्यात ठेवले.

घरात काय चालले होते ते मला शेडमधून कळे. वस्तादांची बायको पूर्वी स्वयंपाकघरातूनच "अहो, जेवायला चला" म्हणे. मग ती दारात येऊन म्हणू लागली. मग शेडमध्ये येऊन, आणि शेवटी खांद्याला हात लावून. थोरली त्यांच्यासमोर उभी राहिल्याशिवाय बोलेनाशी झाली. कुणी बसून ठरवले नव्हते. मायलेकी एकमेकींशी साध्या आवाजात बोलत आणि त्यांच्याकडे वळल्या की आवाज चढवत. वस्तादांना वाटे, आपल्या घरातल्या बायका भांडकुदळ होत चालल्या आहेत.

मग ते वादळ झाले. एकाच रस्त्यावर दोन खोडे आडवी होती. एक आमच्या वाट्याला आले, दुसरे भिंगरीच्या. भिंगरी हे दुसऱ्या एका तोडणाऱ्याचे टोपणनाव. माणूस किडकिडीत, पण एका जागी ठरेल तर शपथ. त्याची मशीन नवी होती. त्याचे खोड तुकडे होऊन कडेला लागले तेव्हा आम्ही अजून दुसऱ्या कापातच धापा टाकत होतो. तो कमरेवर हात ठेवून आमच्या मागे येऊन उभा राहिला. "काय वस्ताद, हात देऊ का?" वस्तादांना शब्द ऐकू गेले नाहीत. रस्ता मोकळा होण्याची वाट बघणाऱ्यांचे हसणारे चेहरे तेवढे दिसले. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मिस्त्रींच्या बाकावर आदळले. मिस्त्री म्हणजे मशीन दुरुस्त करणारे, वस्तादांचे तरुणपणापासूनचे दोस्त. "हिला अशी कर की भिंगरीचं तोंड बंद झालं पाहिजे," वस्ताद म्हणाले. मिस्त्रींनी मला पार नागवी केली. सायलेन्सरच्या आत धूर अडवणारी जाळी कापून काढली, बाहेरचे भोक कानशीने मोठे केले. सिलेंडरमध्ये हवा यायच्या आणि धूर जायच्या वाटांच्या खरखरीत कडा घासून गुळगुळीत केल्या. चेन पळवणारे चाक एका दाताने मोठे घातले. नवी चेन चढवली. शेवटी, हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त लागणार, म्हणून स्क्रू उघडला. माझी गुरगुर जाड झाली. बाकाखालच्या ओंडक्यातून मी एका दमात आरपार गेले.

वस्तादांनी मला हातात घेऊन मोकळी रेस दिली आणि तोंड वाकडे केले. "घोगरी झालीय. वर जातच नाही. आवळ अजून."

"जातेय की वर. बरोबर लागलीय."

"अरे, हिची शिट्टी कुठाय? वरच्या आवाजात बारीक शिट्टी वाजायची हिची. ती येत नाही."

मिस्त्रींनी बटण दाबून मला बंद केले. "येतेय. तुला येत नाही. तुझे कान गेलेत, वस्ताद. मी दोन वर्षं बघतोय."

वस्तादांची मूठ थेट त्यांच्या तोंडावर बसली. मिस्त्री फडताळावर आदळले, नटबोल्टचे डबे खडखडत खाली आले. ते उठू लागले तेव्हा वस्तादांनी दुसरी मारली. ओठ उभा फाटला आणि बाकावर रक्ताचे थेंब पडले. "पुन्हा बोल! बोल ना पुन्हा!" वस्ताद ओरडत होते. मिस्त्री ओठावर फडके दाबून हलक्या आवाजात म्हणाले, "बोलून काय फायदा?" ते मी ऐकले, वस्तादांनी नाही. त्यांनी मला उचलले आणि ते चालू पडले. त्या दुकानात ते पुन्हा गेले नाहीत.

शेडमध्ये येऊन त्यांनी स्वतःच स्क्रू आवळायला घेतला. पाव फेरा आवळला, रेस दिली, कान लावला. पुन्हा थोडा आवळला. त्यांना आठवणीतली शिट्टी हवी होती. माझी गुरगुर कधीच संपली होती आणि मी ती शिट्टी जीव खाऊन मारत होते. पत्रा थरथरत होता, शेजारचे कुत्रे कुंपणावरून उडी मारून पळाले. वस्तादांपर्यंत काही पोचत नव्हते. म्हणून ते आणखी आवळत होते. मग त्यांनी चेन घेतली. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल जायचे ते तो ठरवतो. वस्तादांनी मापाची पट्टी न लावता, नुसत्या नजरेने, सगळे उंचवटे घासून खाली आणले.

आणि मित्रांनो, मी हडळ झाले. लाकडाला नुसती टेकले तरी त्याचे लचके निघत. पुढच्या कामावर भिंगरी शेजारीच होता. त्याच्या मशीनने एक काप घेईपर्यंत मी दोन घेतले, आणि तिसऱ्याला त्याने आपली मशीन बंद करून बघत राहणे पसंत केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी मला सगळ्यांसमोर हाताच्या पंजाने थोपटले. मला माहीत होते की माझा पिस्टन आत होरपळतो आहे. मी तक्रार केली नाही. कारखान्यातून निघाल्यापासून मला असेच पळायचे होते, आणि आता मला अडवणारे कुणी नव्हते.

थोरलीला पहिल्या दिवशीच कळले. ती वस्तादांच्या समोर उभी राहिली. "बाबा, हिची गुरगुर गेलीय. आणि रेस सोडल्यावर ही लगेच खाली येत नाही. चेन फिरत राहते."

"थांबते की. मी काय आंधळा आहे?"

"दोन-तीन क्षण फिरते, बाबा. ऐका तुम्ही."

"मला ऐकायला शिकवतेस? तुझ्या कानांना झापडं, आणि तू मला शिकवतेस?"

पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून एके दिवशी ते आंघोळीला गेले असताना तिने गुपचूप माझा स्क्रू परत उघडला. मी घोगरी झाले. वस्तादांनी दोरी ओढताच ते त्यांच्या हाताला कळले, कारण हात अजून शाबूत होता. ते लालबुंद झाले. त्यांनी थोरलीच्या डोक्यावरचे मफ हिसकावून बाकावर ठेवले आणि हातोडी घेतली. पहिल्या घावात एक बाजू फुटली, दुसऱ्यात दुसरी. तुकडे उडून पत्र्यावर वाजले. ते तरी मारतच राहिले, बाकाच्या फळीला खळगा पडेपर्यंत. थोरली भिंतीला पाठ लावून उभी होती. तिची आई धावत आली आणि दारातच थबकली. "पुन्हा माझ्या मशीनला हात लावलास तर घरात राहू नकोस," वस्ताद म्हणाले. त्यांनी स्क्रू पुन्हा आवळला आणि तो फिरवायचा पेचकस आपल्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वसाहतीच्या फाटकावर मोठे झाड पडल्याचा निरोप आला. थोरली उघड्या कानांनी आली. तिच्याकडे मफ उरलेच नव्हते. झाड ट्रकच्या चाकाएवढे जाड होते आणि फाटकाच्या खांबावर निम्मे टेकून राहिले होते. वस्तादांनी वरच्या बाजूने पहिला काप घेतला. मी तापले होते, धूर निळसर न येता कोरडा येत होता. काप संपला. खोड कुरकुरत अर्धी वीत खाली बसले. वस्तादांनी रेस सोडली, मान वर करून खोड कुठे सरकते ते बघत राहिले आणि मला खाली, उजव्या मांडीच्या बाजूला आणले. बावीस वर्षे ते असेच करत होते. मशीन थांबलेली असायची.

मी थांबले नव्हते. मला थांबता येत नव्हते.

"बाबा, चेन फिरतेय!" थोरली दहा पावलांवरून ओरडली. "बाबा! चेन!" फाटकापलीकडच्या गच्चीवरची माणसे वळून बघू लागली. वस्तादांनी मान वळवली नाही.

मी आधी पँटचे कापड खेचून घेतले, मग मांडी. लाकूड दाताखाली कडकडते. मांस तसे करत नाही, ते नुसते मागे सरते. रक्त माझ्या पट्टीवर, गरम सायलेन्सरवर पडले आणि चरचरले. आणि जे आजवर कुणाला सांगितले नाही ते आता सांगते: पहिल्या क्षणी मला ते सोपे वाटले, आणि बरे वाटले. दुसऱ्या क्षणी मला कळले की मला धरणारा हा हात माझ्या ओळखीचा आहे, आणि तो सुटतो आहे. त्या पहिल्या क्षणाची मला आजही लाज वाटते. वस्ताद बसकण मारून पडले. मी मातीत आपटून तिथेही खणत राहिले, दगडांवर ठिणग्या उडवत, शेवटी माझा पिस्टन सिलेंडरला चिकटला आणि मी आपोआप मेले.

थोरलीने मांडीवर आपला गुडघा रोवला. दोराचा तुकडा वरच्या बाजूला गुंडाळला, त्यात लाकडाची पाचर अडकवली आणि ती पिळत राहिली, रक्ताची चिळकांडी थांबेपर्यंत. तेवढा वेळ ती बोलत होती. "डोळे मिटू नका बाबा, माझ्याकडे बघा, गाडी येतेय, बघा माझ्याकडे." वस्ताद तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "मोठ्यानं बोल गं. मोठ्यानं बोल."

तिचा आवाज तोवर ओरडून ओरडून फाटला होता.

फांद्या न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने त्यांना उचलून केबिनमध्ये घातले. मला कुणीतरी मागे फेकले, पाल्यावर. पुढचे पाच महिने मी शेडच्या कोपऱ्यात होते. चेनमध्ये कापडाचे धागे आणि रक्तात कालवलेला भुसा वाळून दगड झाला. पट्टीला गंज चढला. वस्तादांची बायको एकदा आत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला भट्टीत घाला," आणि माझ्यावर थुंकली. मी तिला दोष देत नाही.

वस्तादांचा पाय वाचला, पण गुडघा वाकेनासा झाला. ते काठी टेकत शेडमध्ये येत, स्टुलावर बसत आणि माझ्याकडे बघत नसत. थोरली दुसऱ्यांकडे कामाला जाई. एके दुपारी ती मिस्त्रींना घेऊन आली. त्यांच्या वरच्या ओठावर पांढरा व्रण होता. वस्ताद उठायला गेले, काठी घसरली. मिस्त्रींनी त्यांना दंडाला धरून परत बसवले आणि माझे नट सोडायला घेतले. आतून पिस्टन निघाला. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत खोल ओरखडे होते. मिस्त्रींनी तो वस्तादांच्या तळहातावर ठेवला. वस्तादांनी ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"हे मी केलं?"

मिस्त्रींनी हो म्हणून मान हलवली.

माझ्यात नवा पिस्टन पडला, नवी रिंग पडली. उंचवटे मापाला लावून घासलेली नवी चेन चढली. आता स्क्रू लावायचा होता. जुन्या सवयीने मिस्त्रींनी पेचकस वस्तादांपुढे धरला. थोरलीने दोरी ओढली, मी उठले, तिने रेस दिली. वस्ताद पुढे वाकले. त्यांनी डोळे मिटले. मी शिट्टी मारत होते, कारण स्क्रू अजून आवळलेलाच होता. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. त्यांचा हात स्क्रूकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी डोळे उघडले, मला बंद करायला सांगितले आणि पेचकसाची मूठ थोरलीकडे फिरवली.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "खूप दिवस झाले. तू लाव."

शेडमधल्या प्रत्येकाला ते आधीपासून ठाऊक होते. तरी थोरली बाकाला धरून हमसून हमसून रडली, आणि मिस्त्री भिंतीवरच्या कानशींकडे बघत राहिले. मग तिने डोळे पुसले आणि स्क्रू उघडला, गुरगुर येईपर्यंत. तिने रेस सोडली. चेन जागच्या जागी थांबली.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी काहीतरी मागायचे असते. मला तेल द्या, माझे दात घासा, मला कोरड्या जागी ठेवा, हे तर आहेच. पण मला दुसरेच मागायचे आहे. तुमच्या घरात कुणाचे कान, कुणाचे डोळे, कुणाचे हात पूर्वीसारखे राहिले नसतील, तर गुपचूप आवाज चढवून भागवून नेऊ नका. त्याला तोंडावर सांगा. ठोसा पडला तर पडू द्या, ओठ शिवता येतो. मिस्त्रींसारखे एकदा सांगून फडके दाबून गप्प बसू नका, पुन्हा जा आणि पुन्हा सांगा. कारण तुम्ही सगळे गप्प बसलात की सांगायचे काम माझ्यासारखीवर येते, आणि मला सांगायची एकच रीत येते.